कलेच्या रकान्यात बाबा

मे महिन्याच्या सुट्टीत चिखलीला माहेरी होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि तेव्हा लहान शहरांतल्या कलेच्या व्यवसायांवर एक लेख लिहीत होते. सरकारच्या संकेतस्थळावर मागच्या आर्थिक गणनेचे, म्हणजे घरोघरी जाऊन मोजलेल्या धंद्यांचे, शहरवार आकडे असतात, ते मला उतरवून घ्यायचे होते.

बाबा बाजेवर पडून पाहत होते. त्यांनी उभं आयुष्य बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवलं. डीजे आले तसा बँड मोडला आणि क्लॅरिओनेटची पेटी कपाटावर गेली. तेव्हापासून एकच वाक्य, "आपल्याले कोन मोजते?" मला ते फार लागायचं. म्हणून त्या दुपारी मी पैज मारल्यासारखं म्हटलं, "सरकारनं मोजलंय बाबा. दाखवते."

दाखवणं सोपं नव्हतं. मोबाइल खिडकीत ठेवला तरच नेट यायचं. साइट आधी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावायची, आणि ओळखली की पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडायची. सरकारी खाक्या, संगणकावरही तोच. शेवटी फाइल उतरू लागली. पंखा फिरत होता, पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं, आणि मला झोप की जाग कळेना. वाटलं, या फाइलमध्ये बाबांची सगळी बँडपार्टी लाल कोट घालून उभी असेल, आणि ती उघडली की क्लॅरिओनेट, ढोल, झांजा एकदम सुरू होतील.

फाइल उघडली. चिखलीची ओळ सापडली. कलेचा रकाना मोकळा होता.

मी पुन्हा पाहिलं. मग सरकारवर भडकले. इतकी माणसं वाजवत होती, त्यांना एकही दिसला नाही?

"त्याईची काय चूक?" बाबा म्हणाले. "मोजनारा आल्ता घरी. म्याच शेती सांगतली."

"काऊन?" रागात माझी घरची बोली वर आली.

"तुले पाहाले पाहुने बसले होते ना वं समोर. बाजेवाल्याची पोर कोन करते? पार्टीतल्या सगळ्याईनं शेतीच सांगतली. सगळ्याईच्या घरी पोरी होत्या."

मला ती दुपार आठवली. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि दारात पिशवीवाला एक माणूस काही विचारत होता. माझ्या लग्नात बँड बाबांचा नव्हता, जवळच्या धाड गावचा होता, हेही आठवलं. घरच्या कार्यात बाबा कसे वाजवतील, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं. वरातीत ते फेटा बांधून बाजूला चालत होते आणि त्यांची बोटं धोतराच्या काठावर हलत होती. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

मग डोळे पुसून मी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि त्या माणसासारखा आवाज काढला, "काका, तुमचा धंदा काय?"

बाबा हसले. पण उत्तर देण्याआधी त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. तिथं कोणी पाहुणे नव्हते.

"क्लॅरिओनेट वाजोतो," ते हळूच म्हणाले. "लिहा साहेब."

मोकळ्या रकान्यात मी एक लिहिला.