मामांचा ओळंबा

आमच्या थोरल्या मामांनी उभ्या जन्मात एक रेघ वाकडी मारली नाही, आणि त्यापायी स्वतःच्या घरात किती वर्षं अंधार ठेवला हे आठवलं की मला अजून त्यांचा राग येतो.

मामा वायरमन. दुसरी मोठी लढाई संपली तसं नगरात वीज घेणारी घरं वाढली. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची आणि तिच्यावरून वायर न्यायची, एवढंच काम. इतर वायरमन नजरेनं अंदाज घेत आणि दुपारी मोकळे होत. मामांची दुपार नुसती आखण्यात जाई. वरून दोरीनं पितळी ओळंबा सोडायचा, तो डुलायचा थांबेपर्यंत घरातल्यांना श्वाससुद्धा बेतानं घ्यायला लावायचा, मग निळीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर फटकन सोडायची. निळी रेघ उमटली की चार पावलं मागं जाऊन पाहायची आणि मनाला आली नाही की ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. एका अडत्यानं पेढीवरची पट्टी तिरकी दिसते म्हणून तक्रार केली. मामांनी ओळंबा त्याच्या भिंतीला लावला. "पट्टी सरळ हाय शेट. तुमची भिंत कलली," म्हणाले. शेटनी त्यांना त्याच पावली घालवलं. रविवारी चर्चमध्येसुद्धा सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा मामा एकच डोळा मिटून खांब तपासत.

मामी कंदिलाशी बसून लोकांचे कपडे शिवायची. तिची नजर मंदावू लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की नजर आता पुरती जाणारच. मामीनं नवऱ्याकडं एकच मागितलं. "अवो, दिसतंय तवर आपल्या घरात एकदा बिजलीचा दिवा बघू द्या."

"नाताळाच्या आत लावतो," मामा म्हणाले. पण घराच्या मातीच्या भिंतींना पोट आलेलं. मामा आखत, पुसत, गिलावा करत, पुन्हा आखत. नाताळ गेला, दुसराही गेला. भिंती निळ्या झाल्या, दिवा काही लागेना. मी हात जोडले. "मामा, वाकडी बसवा, पण बसवा!"

"तिला दिसणारं शेवटचं काम हाय ते," मामा म्हणाले. "ते वाकडं कसं दावू रं?"



उन्हाळ्यात एका सकाळी मामी समोरचा तांब्या चाचपू लागली. मामांनी ते पाहिलं. मग उठले, आणि ओळंबा खुंटीवरून न काढता तासाभरात पट्टी ठोकून मोकळे झाले. बटण दाबलं. मामी भलत्याच भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"लागला का?"

"लागला."

ती उठली, पट्टीवरून बोटं फिरवत बटणापर्यंत आली. शिवणारणीची बोटं ती. "जरा तिरकी बसलीय वो," एवढंच म्हणाली. मामा लहान पोरासारखे रडले.

त्यानंतर रोज सांजेला मामी त्या पट्टीला हात लावत बटण शोधायची आणि मामांसाठी दिवा लावायची. ती पट्टी नीट करू का, असं मी एकदा मामांना विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "तिच्या हाताला तीच वळखीची हाय."