दूध आणायला म्हणून पळालो

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगायला घेतलं तेव्हा एका गिऱ्हाईकाला असा ठसका लागला, की त्याचा पांढरा शर्ट मला धुऊन द्यावा लागला!

तर मंडळी, सांगलीत विश्रामबागेत माझं भांड्यांचं दुकान. शाळा नववीतच सुटली. पण माणूस दुकानाची पायरी चढला, की तो कुकर घेणार का नुसती झाकणं वाजवून जाणार, हे मी त्याच्या चपलेवरून सांगतो. इतका हुशार माणूस! आणि या हुशार माणसानं स्वतःच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेतात आणलं. तेही पळून. पोरगी नव्हे हो, मी पळून!

झालं असं, की मिरजेच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "पोट कमी करा, रोज चालत जा." मी चालायला लागलो. चालता चालता पळायला लागलो. पुढं थांबता येईना. लोक बारशाचं आमंत्रण द्यायला यायचे, तर मी पेढा हातात घ्यायच्या आधी विचारायचो, "रविवारी नाही ना?" रविवार माझा लांब पळायचा वार. मेहुण्याच्या वास्तुशांतीला त्याच्याच शेजारी पाटावर बसलो, आणि भटजींच्या मंत्रावर माझ्या घोरण्याचा ठेका लागला. लग्नाच्या पंगतीत मी जिलेबी परत करून केळी मागायचो. शोभा, म्हणजे आमची मंडळी, पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात आम्ही मायलेकी राहतो आणि यांचे बूट राहतात. हे कधीतरी येऊन बूट बदलून जातात."

अशात प्राजूला, म्हणजे आमच्या प्राजक्ताला, फलटणकडचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. घरची ऊसशेती, मामा लष्करातून निवृत्त. त्याआधी पोरीनं किती मुलं नाकारली होती, विचारू नका. एकाचं हसणं आवडलं नाही, एक स्वतःबद्दलच बोलत बसला. आणि या मुलाशी फोनवर बोलून आली ती गालातल्या गालात हसत.

"पप्पा, मला चालेल," म्हणाली.

तिच्या तोंडून 'चालेल' म्हणजे इतरांचं पेढे वाटून नाचणं! आता हे हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच घरात सगळ्यांच्या डोक्यात.

पण तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडं पत्रिका नंतर, आधी चौकशी. मुलाकडचं कुणीतरी गुपचूप गावात येणार. पानाच्या टपरीवर विचारणार, न्हाव्याकडं विचारणार, घरावरून दोन फेऱ्या मारणार. माणसं कशी, घरात भांडणं आहेत का, बाप पितो का. कोण येणार, कधी येणार, काही सांगायचं नसतं. सांगून आले तर ती चौकशी कसली?

शोभानं त्याच संध्याकाळी हुकूम सोडला. "सुपारी फुटेपर्यंत पळणं बंद."

"अगं, साताऱ्याची घाटातली शर्यत तोंडावर आलीय!"

"पोरीचं लग्नपण तोंडावर आलंय. फलटणचा माणूस यायचा आणि होणाऱ्या व्याह्याला रस्त्यात अर्ध्या चड्डीत बघायचा. काय सांगेल जाऊन?"

"तब्येत चांगली आहे, सांगेल."

"अहो, त्या चड्डीतून पाहुण्यांना दिसायला नको ते पाय दिसतात!"

मी मान डोलावली. पण पाय कुठं ऐकतात? दोन सकाळी मी छताकडं बघत पडलो आणि पाय पांघरुणात आपोआप हलत होते. तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. शोभाला म्हटलं, "पळणं बंद म्हणजे बंद. पण लवकर जाग येतेच, तर डेअरीवरून दूध मी आणत जाईन."

लग्न झाल्यापासून या माणसानं चहाची बशी उचलून ठेवली नव्हती. शोभानं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि काही न बोलता किटली हातात दिली.

मग काय! रोज पहाटे पायजमा-शर्ट घालून, किटली हलवत, सज्जन माणसासारखा निघायचो. दुकानाचं शटर गुडघ्याइतकं वर करून खालून सरपटत आत. पायजमा काढला, चड्डी चढवली, टोपी कपाळावर ओढली, तोंडाला रुमाल बांधला. ओळखायला नको ना कुणी! बूट ठेवले होते कुकरच्या खोक्यात. (त्यातून एकदा गोंधळ झालाच. एका बाईंनी कुकर नेला आणि घरी जाऊन खोकं उघडलं तर बूट! त्या काय म्हणाल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.) मग पुन्हा सरपटत बाहेर, इकडं तिकडं बघितलं, की सुसाट. परत येऊन कपडे बदलायचे, दूध घ्यायचं, घर.

"एवढा घाम?" शोभा विचारायची.

"रांग केवढी होती डेअरीवर!"

आणि चौकशीचं म्हणाल, तर तिकडंही माझी पूर्ण तयारी. दिवसभर दुकानात अनोळखी माणूस दिसला, की खुर्ची, चहा, "बसा की, घाई काय!" तासगावचा एक टोपीवाला एक चमचा घ्यायला आला. मी ओळखलं, हाच तो! त्याला चहा पाजला, भजी मागवली, माझ्या घराण्याचं गुणगान ऐकवलं. तो दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी साडूला घेऊन आला. मी म्हटलं, बघा, चौकशी किती बारकाईनं चाललीय!

आता खरी गंमत ऐका.

एके सकाळी असाच तोंड बांधून सुटलो. चौक ओलांडला तर मागं मोटारसायकलीचा आवाज. फट फट फट. आता मागून पुढं जाईल, मग जाईल. जाईना! मी वळलो, तीही वळली. मी हळू झालो, तर आवाजच बंद. पुन्हा पळालो, पुन्हा फट फट. तिरक्या नजरेनं बघितलं. धिप्पाड माणूस, पिळदार मिशा, नजर माझ्यावर.

माझ्या खिशात दुकानाच्या किल्ल्या. गळ्यात सोनसाखळी. उजेड अजून पुरता नाही. आणखी काय सांगायला पाहिजे? चोर! पट्टीचा चोर दिसतोय, आवाज बंद करून दबा धरतोय!

मग मी जो पळालो, जो पळालो! अहो, घाटाच्या शर्यतीतही पळणार नाही असा पळालो. कुत्री भुंकायची विसरली. मार्केट यार्डाच्या मागं आमच्या सलीमभाईंची हळदीची गिरण आहे, सकाळीच चालू झालेली. सरळ आत घुसलो.

सलीमभाई दचकले. "काय झालं शेठ? पोलीस लागले काय मागं?"

"चोर! चोर लागलाय!"

"मग चोरानं पळायचं. तुमी का पळताय?"

"सलीमभाई, वाद नंतर घाला, आधी लपवा!"

गिरणीच्या मागं दळलेल्या हळदीची उघडी पोती लावली होती. त्यांच्या आड बसायला गेलो, बूट घसरला, एका पोत्याला धरलं, तर ते पोतंच माझ्या गळ्यात पडलं. वरून खालपर्यंत हळद! आणि घामानं थबथबलेलं अंग, तिथं ती कशी चिकटली असेल, करा विचार.

बाहेर भारदस्त आवाज आला. "हितं एक माणूस शिरला काय? तोंड बांधल्याला, अर्ध्या चड्डीतला?"

"न्हाई बा," सलीमभाई म्हणाले. "तसला माणूस आमच्यात बसत न्हाई."

मग फट फट करत गाडी गेली. मी सुटकेचा श्वास घेतला. तो घेतला नसता तर बरं झालं असतं, नाकातही हळद गेली.

शिंका आवरून खिसा चाचपला. किल्ल्या नाहीत! पडल्या त्या हळदीच्या ढिगात.

"संध्याकाळी चाळून देतो," सलीमभाई म्हणाले. "पण शेठ, तुमाला कशानं चाळायचं?"

म्हणजे पायजमा दुकानात, किटली दुकानात, दुकानाला कुलूप. आणि आता लख्ख उजाडलेलं. तसाच पिवळाधमक घराकडं निघालो. शाळेच्या रिक्षातली पोरं माना बाहेर काढून बघत होती. वळणावर एक आजीबाई आडव्या आल्या, त्यांनी चक्क हात जोडले. "कुठल्या देवाच्या जत्रंचा भंडारा रं बाबा?" म्हणाल्या, माझ्या खांद्यावरची चिमूट उचलून कपाळाला लावली, आणि मी काही बोलायच्या आत सुनेच्या कपाळाला लावायला थोडी पदरात बांधून घेतली!

घराशी आलो. दारात अनोळखी वहाणा. आणि शेजारी तीच मोटारसायकल.

माझं डोकं फिरलं. चोर थेट घरात? मी दार ढकललं आणि ओरडलो, "शोभा! चोर! धर त्याला!"

सोफ्यावर तो मिशावाला बसलेला. हातात आमचाच चांगला कप. समोर शोभा, डोक्यावर पदर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे प्राजूचे वडील," ती म्हणाली. असा आवाज मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. "आणि अहो, हे फलटणचे. मुलाचे मामा."

चोर म्हणून दाखवलेलं बोट खाली कसं घ्यायचं असतं, कुणाला माहीत आहे का? मी ते हळूहळू वळवून डोकं खाजवलं. तर सोफ्यावर हळद सांडली.

मामांनी कप खाली ठेवला. "ह्या ताई म्हणल्या, मालक दूध आणाय गेल्यात. दूध कुठाय?"

मी रिकामे हात पाठीमागं घेतले.

"टपरीवाला मला सांगत हुता, माणूस चांगला, पण अलीकडं काय तरी भानगड हाय. पहाटं चोरावानी दुकानात शिरतोय, तोंड बांधून पळत सुटतोय. मी म्हणलं, बघावं तरी कुठं जातोय. तर तुमी गिरणीत शिरून दडून बसला, आन् तो गिरणीवाला तोंडावर खोटं बोलला. पाव्हणं, बाहेर काय बी असू द्या. पर आमची माणसं साधी हायती. घरात लपवाछपवी असंल, तर हे जमायचं न्हाई."

असं म्हणून ते उठले. वहाणांकडं निघाले. आतल्या दाराशी प्राजू उभी होती. तिचा चेहरा मला दिसला आणि मी मामांच्या वाटेत आडवा उभा राहिलो.

पण म्हणून मी खरं बोललो असेन? दुकानदार माणूस मी! म्हटलं, "मामा, तसं काही नाही. हा आपला आयुर्वेदिक उपचार. सांधेदुखीवर हळदीचा लेप, आणि तो लावून जरा भरभर चालायचं..."

"पप्पा, पुरे!" प्राजू बाहेर आली. "मामा, ते पळायला जातात. आईनं बंदी घातलीय म्हणून दूध आणायच्या नावाखाली, दुकानात कपडे बदलून जातात. दुसरं काही नाही. पळाले नाहीत तर त्यांना चैन पडत नाही."

मी उडालो. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. डेअरीवाले काका पहिल्याच दिवशी आईला म्हणाले, तुमचे मालक तोंड बांधून चड्डीत पळत गेले आणि पायजम्यात दूध न्यायला आले."

मी शोभाकडं वळलो. "आणि तू बोलली नाहीस?"

"कशाला बोलू?" शोभा म्हणाली. "दूध तर येत होतं."

मामा माझ्याकडं बघत होते. टोपीपासून बुटांपर्यंत एकदा, बुटांपासून टोपीपर्यंत एकदा. मिशी थरथरायला लागली. मला वाटलं, आता हा लष्करी गडी तोफ डागणार. आणि डागली! पण हसण्याची. पोट धरून परत सोफ्यावर बसले, त्याच हळदीत.

"आवं, आमी पोरीला हळद कवा लावायची ह्येचा ईचार करतोय, आन् हितं बापच लावून तयार! लयच घाई दिसतीया पाव्हण्यांस्नी!"

मग प्राजूकडं वळून म्हणाले, "पोरी, बापासमोर असं रोखठोक बोललीस, आमच्या भाच्यासमोर बी असंच बोलायचं. त्यो बी लय थापा मारतोय. आमाला तुझ्यासारखीच पायजे हुती."

प्राजू लाजून आत पळाली. शोभा पदरानं डोळे पुसत साखर आणायला गेली. मी अंगणात नळाखाली बसून तीन साबण संपवले, तरी कानामागं पिवळा तो पिवळाच. परत येऊन मामांच्या शेजारी बसलो. जमलं होतं, जीव भांड्यात पडला होता, आणि तुम्हाला तर माहीत आहे, माझा जीव भांड्यात पडला की मला लगेच फुशारकी सुचते.

"मामा," मी म्हटलं, "बाकी काही म्हणा, पण मोटारसायकलीला हुलकावणी दिली की नाही? या वयात? खरं सांगा, गाडी किती पळवावी लागली?"

मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मोठ्या मायेनं.

"पाव्हणं, गाडी पयल्या गिअरात बी तुमच्या मागं ऱ्हाईना. सारखी फुडं जाया बघायची. इतक्या हळू चालवायची म्हंजी कसरत! दोनदा बंद पडली. मग शेवटी उतरलो आन् ढकलत आणली, तवा कुठं आपली चाल जुळली."