पुढचा व्हॉल्व्ह

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडी आधीची गोष्ट. आम्ही तेव्हा कारवारकडच्या सुप्याजवळ, लाकडाच्या डेपोतल्या दोन खोल्यांत राहत होतो. यजमान पूर्वी रेल्वेत तारबाबू होते. हिवतापानं इतकं पिडलं की ती नोकरी सोडली. पुढं डेपोत मोजणीचं काम मिळालं, तेही जंगलातच, त्यामुळं ताप काही सुटला नाही. तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेऊन घेऊन त्यांच्या कानांत सारखी गुणगुण असायची. "रातकिडे लई झालेत यंदा," असं ते भर उन्हात म्हणायचे, आणि मला ती थट्टा वाटायची.

तार सुटली तरी बोटांची सवय सुटली नव्हती. त्यांनी बिनतारी यंत्राचा हौशी परवाना काढला आणि स्वतःच एक पेटी जुळवली. पाठवायचं आणि ऐकायचं, दोन्ही तिच्यातच. आकार बाजाच्या पेटीएवढा, पट्टा लावून खांद्यावरून नेता येई. फणसाला तार बांधली की झालं एरियल. बेळगावात त्यांचा एक जुना सोबती होता, त्याच्याकडंही असंच यंत्र होतं. दुपारी जेवणं झाली की दोघांचं कट्ट-कडकट्ट चाले. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी, लांब-आखूड ठोक्यांची. दुसरा हेडफोन कानाला लावून बसता बसता मलाही ते समजू लागलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी यंत्रात आणखी एक व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारखा काचेचा दिवा, बसवला, सगळ्यांच्या पुढं, एरियलला लागून. आलेला बारीक आवाज आधीच मोठा करून घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. आभाळ शांत असलं की फरक पडायचा, नाही असं नाही. पण बॅटरी लवकर उतरायची. आणि वैशाखात दुपारनंतर घाटावर ढग जमू लागले, तसा तो व्हॉल्व्ह मला नकोसा झाला. सोबत्याचा आवाज वाढवायचा, तशी विजांची खरखरही वाढवायचा. मोठा कडकडाट झाला की यंत्र क्षणभर मुकंच व्हायचं.

"बंद करा की तो," मी म्हणायची. "बारीक येईल, पण स्वच्छ येईल."

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून ते बटण तसंच ठेवायचे.

उन्हाळ्यात जंगलातला ताप नको म्हणून आमच्या लहान मुलीला मी बेळगावला भावाकडं ठेवलं होतं. एके दिवशी सोबत्यानं कळवलं की तिचा घसा धरलाय, ताप आहे. असे घरगुती निरोप देणं परवान्यात बसत नव्हतं, पण पत्राची वाट बघत कोण बसणार? दुसऱ्या दुपारी आम्ही दोघं पेटीपुढं बसलो. आभाळ भरून आलेलं. कानात नुसती फुटाणे भाजल्यासारखी तडतड. मधूनच एखादं अक्षर वर यायचं आणि बुडायचं.

ते लिहीत होते. मग पेन्सिल खाली ठेवून हसले. "आज नीट, असं म्हणतोय. बरं हाय तिला."

मी कागद बघितला. आज, मग मोकळी जागा, मग एन, आय, टी. पुढं काही नाही.

"टी पुरता आला का?"

"आला की. एक लांब ठोका."

"टी नसेल तो. जी असेल. जीचीही सुरुवात लांबच असते, पुढचं विजेनं खाल्लं असेल. निघा म्हणत असेल."

त्यांचा चेहरा उतरला. मी व्हॉल्व्हच्या बटणाकडं हात नेला तर त्यांनी मनगटच धरलं.

"ते बंद केलंस तर काय आईकणार? त्यानंच जरा..." आणि थांबले.

"त्यानंच जरा काय?"

त्यांनी कानावरचा हेडफोन काढला. मग खाली बघून म्हणाले, "मला आईकू येत न्हाई गं. डेपोतल्या गड्यानं परवा हाक मारली, ती पण न्हाई आली."

त्यांनी हात सोडला. मी बटण बंद केलं. खरखर एकदम दूर गेली, आणि तिच्या पलीकडं, डासाच्या आवाजाएवढा बारीक, सोबत्याचा ठोका लागला. "पुन्हा सांगायला सांगा," मी म्हटलं. त्यांनी ठोकलं. उत्तर आलं, आणि मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेले. घटसर्प. आजच निघा.

डेपोची लाकडं भरलेली लॉरी लोंढ्याला निघतच होती. तिच्यावर बसलो. लोंढ्याहून आगगाडीनं बेळगाव. वाटेत ते माझा पदर मुठीत धरून बसले होते. मी काही बोलले नाही. ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं.

डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. त्यासाठी बापाची परवानगी हवी होती, पण वेळ नव्हता म्हणून भावानंच हो म्हटलं होतं. मुलगी जगली. नळी निघाली, जखम भरली, पण आवाज मात्र बसला तो बसलाच. बोलायला लागली की वाळल्या पानावरून बोट फिरवल्यासारखं वाटे.

ती त्यांच्या मांडीवर बसून तासन् तास काहीबाही सांगायची. ते तिच्या ओठांकडं बघत मान हलवायचे. मी शेजारी असले तर हळूच माझ्याकडं बघायचे, आणि मी ते मोठ्यानं सांगायची.