टेपबाईंची डबी

घरचे त्यांना टेपबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिवणकामात तीस वर्षं काढलेल्या या बाई फ्रिज घेतानाही आधी दाराची चौकट मोजायच्या. माप जुळलं की माल जुळला, हा त्यांचा धर्म. याच धर्मानं परवा त्यांना तोंडघशी पाडलं.

झालं असं, की त्यांचा लॅपटॉप बंद पडला. पडला तर पडो बापडा, पण त्याच्या पोटातल्या एसएसडीवर, म्हणजे बोटाएवढ्या त्या पट्टीवर, सगळ्या गिऱ्हाइकांचे कटिंगचे नमुने होते. कागदी नमुने बाईंनी गेल्या वर्षीच रद्दीत घातलेले. का, तर म्हणे कपाटात जागा व्हावी. घ्या आता जागा.

बाकीच्यांना पुन्हा मोजता आलं असतं. वडिलांना नाही. म्हाताऱ्यांची पाठ वाकलेली, एक खांदा दोन बोटं वर, तयार कोट अंगावर कधी बसायचाच नाही. मागच्या वेळी मापासाठी तासभर उभे राहिले आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. आता शनिवारी नातीला पदवी मिळायची होती आणि त्यांना नवा कोट घालूनच जायचं होतं. "पुन्हा उभा राहीन की, त्यात काय," असं ते म्हणाले, पण लेकीनं टेपला हात लावला नाही.

नवऱ्यानं तोडगा सांगितला. पट्टी काढायची, बाहेरच्या डबीत घालायची, ती यूएसबीनं त्याच्या लॅपटॉपला जोडायची. बाईंनी पट्टी मोजली. रुंदी बावीस मिलिमीटर, लांबी ऐंशी. बरोब्बर त्या मापाची डबी मागवली. पट्टी आत अशी बसली की बघत राहावं. डबीवरचा दिवाही लागला, पण लॅपटॉपवर काही म्हणजे काही दिसेना. बाईंनी केबल बदलून पाहिली, जोडायची जागा बदलून पाहिली. जमलं असतं तर नवराही बदलला असता, कारण तो म्हणाला, "पट्टीच गेली असेल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या दुरुस्तीवाल्याच्या दारात हजर. त्यानं भिंग लावून पट्टी पाहिली.

"ताई, डबी कशी निवडलीत?"

"मापानं."

"मापानं चप्पल घ्यावी. इथे खाचा बघायच्या." त्यानं पट्टीच्या टोकाच्या दोन खाचा दाखवल्या. "एकाच मापाच्या दोन जाती येतात, सॅटा आणि एनव्हीएमई. तुमची दोन खाचांची, म्हणजे सॅटा, आणि ही डबी फक्त एनव्हीएमईची. आत बसेल, पण दोघांचं बोलणं व्हायचं नाही."

तीस वर्षांत मापावरून कोणी त्यांना बोललं नव्हतं. आज मात्र त्यांना राग आला नाही, उलट थोडी आशा वाटली.

त्यानं तीन डब्या मांडल्या. एक रंगीत दिव्यांची, ती बाईंनी हातातसुद्धा घेतली नाही. दुसरी नुसती सॅटाची. तिसरी साधी, ॲल्युमिनियमची, दोन्ही जातींना चालणारी. बाईंनी तिसरी उचलली. उद्या नव्या लॅपटॉपची पट्टी दुसऱ्या जातीची निघाली तर पुन्हा ही फजिती कोणी करून घ्यायची?

दुरुस्तीवाल्यानं पट्टी बसवून डबी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर फोल्डर उमटले आणि त्यांत एक होता, 'बाबा कोट'. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच, काउंटरवर हात टेकून, लाज न बाळगता रडल्या. दुरुस्तीवाल्यानं न सांगताच सगळ्याची एक प्रत काढायला घेतली.

डोळे पुसून त्यांनी दुकानातूनच फोन लावला.

"बाबा, मापं मिळाली. आता तुम्हाला उभं राहायला नको."

"नक्की मिळाली?"

"समोर दिसतायत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग बसतो," म्हातारे म्हणाले. "सकाळपासून टेबलाला धरून सवय करत होतो. सात मिनिटांपर्यंत आलो होतो."