आजोबांच्या कोपराची सोनोग्राफी

मानेचं ऑपरेशन होता होता राहिलं, ही गोष्ट आजोबा तुम्हाला फोनवर सांगतात तेव्हा त्यात ते एखाद्या सेनापतीसारखे असतात. मी, तुमची आजी, तिथे हजर होते. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

त्या वर्षांत भिवंडीच्या आसपास भाताची शेतं कमी आणि गोदामं जास्त दिसायला लागली होती. पूर्णा गावातली आपली जमीनही गोदामाला भाड्याने गेली. आजोबा नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते, म्हणजे हुकूम सोडायला हाताखाली कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात त्या गोदामाची देखरेख मिळाली आणि मोबाइलही मिळाला. सकाळी चहा झाला की गॅलरीत खुर्ची टाकायची, डावं कोपर कठड्याच्या फरशीवर टेकायचं आणि फोन कानाला लावायचा, तो मी जेवायला हाक मारेपर्यंत. उजवा हात मोकळा लागे, कारण समोरच्याला न दिसणारे हातवारे त्या हाताने करायचे असत.

मग डाव्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. नंतर शेजारच्या बोटाला. पुढे शर्टाची बटणं लागेनात. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एकाएकी झब्बे घालायला लागले आणि म्हणाले, उकडतं. थंडीचे दिवस होते.

एकदा आमटीची वाटी हातातून सुटली तेव्हा घराला कळलं, आणि घराला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. डावा हात म्हणजे हार्ट, असं समोरच्या वहिनींनी दारातूनच सांगून टाकलं. कार्डिओग्राम चांगला निघाला तेव्हा त्या जरा नाराजच दिसल्या. नारपोलीच्या माझ्या नणंदेने लकवा ठरवला आणि चोळायला तेल पाठवलं. त्याच्या वासाने आमचं मांजर घर सोडून गेलं.

शेवटी ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला. साठी उलटलेल्या माणसाच्या मानेत जे जे झिजलेलं असायचं ते सगळं झिजलेलं होतं. "नस मानेत दबलीय. गळ्याकडून ऑपरेशन करू," ते म्हणाले, झब्ब्याची बाही आखूड करून देतो म्हणावं तसं. तारीखही दिली.

"मामुली आहे," असं आजोबा सगळ्यांना फोनवर सांगत होते. पण जेवण अर्धवट टाकून उठायला लागले, आणि कुठल्या किल्लीने कुठलं कपाट उघडतं ते मला, मी न विचारता, पुन्हा पुन्हा दाखवायला लागले. तेव्हा मी हट्ट धरला की आणखी एका डॉक्टरांना दाखवू.

हे नसांचे डॉक्टर. त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाशी, बोटाने टिचकी मारली. आजोबा खुर्चीतून उठलेच.

"करंट लागला? करंगळीपर्यंत? मान झिजली असेल हो, पण मला संशय कोपराचा आहे. गळ्याला हात लावू देण्याआधी कोपराची सोनोग्राफी करून घ्या."

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "सोनोग्राफी बायकांची असते."

"मग गळा कापून घ्या," मी म्हटलं. "ते मर्दानी आहे."

भिवंडीतच एका सेंटरमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई नसांची सोनोग्राफी शिकून आल्या होत्या. तेव्हा ते नवलच होतं. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, तिच्याखाली ओळीने पोटुशा बायका आणि मधोमध झब्ब्यातले तुमचे आजोबा. शेजारच्या मुलीने मला विचारलं, "आंटी, आपकी बहू अंदर है क्या?"

"नहीं," मी आजोबांकडे बोट दाखवलं, "ये हैं."

तिने ओढणी तोंडाला लावली.

काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी न बघताच पाण्याची बाटली पुढे केली. "चाचा, ये पूरा पीओ. प्रेशर आया की बोलो."

"अहो, चिठ्ठीत कोपर लिहिलंय," मी म्हटलं.

"अगं, त्यांचं रोजचं काम आहे. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?" आजोबा मला म्हणाले.

बाटली संपली. दुसरीही संपली. नंबर लागेपर्यंत आजोबा पाय आवळून छताकडे बघत बसले होते.

"काका, असे वाकडे का चालताय?" आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"प्रेशर आलंय."

त्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "लघवीच्या पिशवीतून कोपर दिसत नाही हो काका. आधी जाऊन या."

मग कोपराला गार जेली लावली. पडद्यावर राखाडी चिखल दिसत होता. "ही नस. दंडात बारीक आहे, इथे हाडापाशी सुजलीय, खाली पुन्हा बारीक. आता का सुजलीय ते बघू. कोपर वाकवा..."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आजोबांनी तो उजव्या हाताने काढला, सवयीने डाव्या हातात दिला आणि जेलीसकट कानाला लावला. पूर्णाहून, गोदामाच्या गेटवरून, माझे दीर बोलत होते. त्यांचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"भाऊ, ट्रक गेटच्या कमानीमंदी अडकलाय! पुढं बी जात न्हाय, मागं बी येत न्हाय!"

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला.

"थांबा!" कोपरावरचं यंत्र तसंच धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, फोन ठेवू नका. बोलत राहा."

आजोबांना असं कोणी सांगितल्याचं मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

"टायरची हवा कमी कर!"

"कोनत्या टायरची?"

"अरे, सगळ्या!"

ओरडताना त्यांनी फोन कानाशी दाबला, कोपर आणखी वाकलं आणि पडद्यावर ती नस हाडावरून टुणकन पलीकडे गेली. कोपर सरळ केलं की परत जागेवर, वाकवलं की पुन्हा पलीकडे. मलासुद्धा दिसली. "एमआरआयमध्ये माणूस निपचित पडलेला असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथे ही उडी कशी दिसणार? हाडावर घासून घासून सुजलीय ती. काका, असा फोन किती वेळ धरता?"

"कामापुरता."

"सकाळपासून जेवणापर्यंत," मी म्हटलं. "कोपर फरशीवर टेकून."

नसांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मानेचं ऑपरेशन रद्द करायला लावलं. डाव्या हातात फोन बंद, कोपर टेकणं बंद, झोपताना ते वाकू नये म्हणून टॉवेलची गुंडाळी. तरीही बोटांत जोर आला नाही, तर मात्र कोपराचं छोटं ऑपरेशन. दवाखान्यात मुक्कामाला यायची तयारी केलेली नणंद हिरमुसली. आजोबांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे गोदामाचा कारभार आता सगळी गल्ली बघू लागली.

जोर आला की नाही हे कळायला डॉक्टरांनी एक परीक्षा सांगितली होती: करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये कागद धरायचा आणि दुसऱ्याने तो ओढायचा. मी रोज सकाळी कालच्या पेपरची पट्टी फाडून द्यायची. ती अलगद निघून यायची.

"तू फार जोरात ओढतेस," ते म्हणायचे. मी हळू ओढायला लागले. तरी यायची. ते उठून गॅलरीत जायचे आणि फोन न लावता बसायचे.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मी ओढली आणि पट्टी आली नाही. जोर लावला, तेव्हा टर्रकन फाटली. अर्धी माझ्या हातात, अर्धी त्यांच्या बोटांत.

"तू हळू ओढलीस," आजोबा म्हणाले.

"नाही. चांगली ओढली."

"मग पुन्हा ओढ."

कालचा पेपर संपला तेव्हा आम्ही आजचा घेतला. मी अजून पहिलं पानसुद्धा वाचलं नव्हतं.