पक्याचे सत्तर पॉइंट

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता, तर यातला एकही किस्सा घडला नसता. आता आमच्या कबड्डी संघाचे किस्से पावसाळ्यातल्या शेवाळासारखे माजलेत. एकावरून सावरावं, तर दुसऱ्यावरून घसरायला होतं!

जर्सीचे पैसे माझ्या मासळीच्या धंद्यातून जातात, म्हणून मालकीण मी. अध्यक्ष आमचे हे. गावच्या लीगमध्ये दोन वर्षं आम्ही तळाला. तिसऱ्यांदा तळाला गेलो की संघ बाद, असा नियम.

*

लिलावात प्रत्येक संघाला शंभर पॉइंट, त्यात नऊ खेळाडू घ्यायचे. मीटिंगमध्ये ठरलं, एकट्या पक्या रेडरसाठी सत्तरपर्यंत जायचं. मी उडालेच!

"अहो, जेवायला नऊ माणसं आणि सगळे पैसे एका सुरमईवर? संघ नव्याने उभा करायचाय ना? तीन तरणी पोरं घ्या वीस-वीसला. पुढची चार वर्षं खेळतील."

हे म्हणाले, "तू चौथी शिकलेली. यात पडू नको."

चौथी! भागाकार तिसरीतच शिकवतात!

*

पक्या एसटीतून उतरताना मी पाहिला. दोन्ही हातांनी दांडा धरून, आडवा होऊन, एकेक पायरी. म्हटलं, "याचा गुडघा गेलाय."

कॅप्टन बंड्या हसला. "काकी, स्टाईल आहे ती!"

*

लिलावात खालच्या वाडीचे तात्या पक्यावर चढतच गेले. पासष्ट, सदुसष्ट, एकोणसत्तर! आम्ही सत्तर म्हटलं आणि तात्या हात झटकून खाली बसले. वर हसले!

मी ह्यांच्या कानात म्हटलं, "आपला आकडा कोणीतरी फोडलाय."

"काहीतरीच तुझं!"

*

उरलेल्या तीस पॉइंटांत आठ जण. शेवटचा सुऱ्या, दोन पॉइंटांचा. सामन्याच्या दिवशीच त्याची हळद! मेला तसाच पिवळाधमक मैदानात आला. त्याला धरायला गेले तिघे, तो हातातून सटकला आणि तिघेही आपटले. पंचांनी शिट्टी मारली, "आधी नळावर जा!" तो धुऊन येईपर्यंत सामना संपला.

आणि पक्या? पहिल्याच रेडला गुडघा धरून बसला, तो बसलाच. मी बंड्याला विचारलं, "ही पण स्टाईल का रे?"

*

पुढचे सामनेही हरलो आणि तळाला गेलो. संघ बाद. पोरं ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे बांगडे घ्यायला आले. "वहिनी, राग धरू नका. लिलावाच्या आदल्या दिवशी तुमच्या ह्यांनीच टपरीवर छाती ठोकून सांगितलं, सत्तरपर्यंत जाणार म्हणून! आम्ही फक्त तिथवर नेऊन सोडलं."

माझ्या हातातला बांगडा हातातच राहिला.

संध्याकाळी देवळात मीटिंग. तात्या नेमके एकोणसत्तरला थांबले, म्हणजे आकडा फुटला, हे आता सगळ्यांनाच पटलेलं. सर्वांत मोठा आवाज ह्यांचाच. "कोण तो? भर सभेत नाव घ्या त्याचं!"

सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलंय, तेही मान खाली घालून. पदर खोचला आणि उभी राहिले.

"यशवंत."