जास्तीचा पाटा

मिठबावच्या विनीतने इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी पिकअपच्या सस्पेन्शनचं डिफरन्शियल इक्वेशन मांडलं होतं. वजन, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर, एवढ्या तिघांचा तो संसार. खड्ड्यातून गेल्यावर गाडी किती उसळेल, किती वेळ डुलत राहील, सगळं कागदावर दिसायचं. पण पोथीतली वांगी पोथीतच राहिली. नोकरी मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने पिकअपच घेतली आणि जांभ्या दगडाचे चिरे वाहू लागला. चिऱ्यांच्या गाडीच्या स्प्रिंगला जास्तीचा पाटा घालतात, म्हणजे माल भरपूर बसतो. यानेही घातला. कडक झालेल्या स्प्रिंगवर रिकामी गाडी आता आपटणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण चिऱ्यांची कुठे पाठ दुखते!

मे महिन्यात एका सकाळी त्याचे वडील गंगाराम हापूसच्या कलमावरून पडले. कण्हत होते, पण पायाची बोटं हलत होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मणका मोडला असेल. कणकवलीला घेऊन या, पण धक्का लागू देऊ नका, नाहीतर पाय जातील." रुग्णवाहिका दुसऱ्या कुणाला घेऊन लांब गेली होती. दारात फक्त पिकअप होती.

वडलांना फळीवर बांधून मागे ठेवलं. पाटा काढायला वेळ कुठला? स्प्रिंग कडक असेल तर वजन वाढवायचं, एवढं समीकरण त्याला सुचलं आणि तो वाडीभर ओरडत सुटला, "चढा सगळी मागे! माका वजन होया!"

"माणूस हयसर कळवळता आणि तू वऱ्हाड कसला भरतंस रे?" शेजारची किशोरीकाकी भडकली. तरी पहिली तीच चढली.

गाडी नरम चालली खरी. पण शॉकअब्सॉर्बरमधलं तेल कधीचं गळून गेलं होतं. एवढं वजन आवरणार कोण? एका खड्ड्याचं डुलणं संपायच्या आत दुसरा यायचा. समीकरणाची ही बाजू त्याला रस्त्यावर आल्यावर आठवली. आपल्याच हाताने बापाचे पाय मोडतोय मी, असं वाटून त्याला रडू फुटलं. वडील ओरडले की तो विचारायचा, "काकी, बोटां?"

"हलतत रे! तू हळू हाक!"

कणकवलीच्या अलीकडे ओरडणं थांबलं. विनीतचा जीव भांड्यात पडला. तरी बोटं बघायला गाडी बाजूला लावून तो मागे धावला.

"आता बरी हाकतंस रे झिला," गंगाराम म्हणाले. "मगासपासून धक्कोच लागाक नाय."

काकीने तोंडाला पदर लावला होता. विनीतने वडलांचे दोन्ही अंगठे मुठीत धरले.

"बाबा, बोटां हलवा."

मुठीत काहीच हललं नाही.

"मी हलयतंय मा रे," गंगाराम म्हणाले.